शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या टायपिस्ट काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं त्या दिवशी सुचलंच नाही. तुमच्यासमोर रोज कितीतरी माणसं कागद घेऊन उभी राहतात, त्यात आम्ही दोघं तुम्हाला आठवत असू असं नाही. मी आणि माझे बाबा. बाबांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात आईच्या मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची प्रत आणि भरपाईच्या दाव्यासाठी आमच्या आधीच्या वकिलांनी हाताने लिहून दिलेलं एक पान.

आई नवले पुलापाशी गेली. ट्रकने उडवलं. याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

त्या पानावर 'मयताचा व्यवसाय' यापुढे लिहिलं होतं 'काही नाही', आणि 'मासिक उत्पन्न' यापुढे 'निरंक'. तुम्ही दोन ओळी टाइप केल्यात आणि थांबलात. चष्मा कपाळावर सरकवून बाबांना विचारलंत, "भाऊ, वहिनी सकाळी किती वाजता उठायच्या?"

बाबा चार महिने धड बोलले नव्हते. तुम्हाला म्हणाले, "पावणेपाचला. पाणी तेव्हाच यायचं."

"मग?"

मग बाबा बोलतच राहिले. आजी अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं आवरणं, तिचं इन्सुलिन. माझ्या भावाचा डबा, बाबांचा डबा. दुपारी दळण, रेशन, लाइटबिल. संध्याकाळी पुन्हा आजी. रांगेतला एक माणूस कुरकुरला तेव्हा तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत, नुसता हात वर केलात. सगळं टाइप केलंत, पान भरलं. वकिलांच्या कागदावरचं 'काही नाही' खोडून त्यावर स्वतःच्या पेनाने 'गृहिणी' लिहिलंत आणि म्हणालात, "या पानाचे पैसे नाही घेणार मी."

काका, तोपर्यंत आम्हाला भेटलेल्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाने हे विचारलं नव्हतं. विमा कंपनीचा माणूस घरी येऊन, चहा पिऊन, "तशा त्या कमवत्या नव्हत्या ना" म्हणून गेला. वकिलांनी मला सांगितलं की लग्न झालेल्या मुलीला अर्जदार होता येत नाही. ते धादांत खोटं होतं. लग्न झालेली मुलगीही कायदेशीर वारस म्हणून दावा करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलंय. कायद्याने घातलेल्या सहा महिन्यांच्या मुदतीतले चार महिने त्यांच्या टेबलावर गेले. नातेवाइकांबद्दल लिहीत नाही. आईच्या मरणाचे पैसे मागता का, असं विचारणाऱ्यांना उत्तर देण्याची ताकद नव्हती तेव्हा.

तुम्हीच सांगितलंत, "ताई, आत विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही." गेलो. तिथे मिळालेल्या वकीलबाईंनी तुमचं पान वाचलं आणि तेच दाव्याच्या मध्यावर ठेवलं.

तुम्ही 'निरंक' का टाइप केलं नाहीत, ते मला त्यांच्याकडून कळलं. भरपाई काढताना माणसाच्या उत्पन्नाला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात. आई 52 वर्षांची, म्हणून गुणक 11. निरंकाला अकराने काय, शंभराने गुणलं तरी निरंकच. पण घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत धरायची, हे न्यायालयांनी केव्हाच मान्य केलंय. जमशेदपूरच्या 1989 च्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाचं मोल 2001 मध्ये महिना 3,000 रुपये धरलं होतं. 2021 च्या एका निकालात तर सरकारी पाहणीचा आकडाच दिलाय: बाई घरकामात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवते, पुरुष 97. माझ्या आईची मिनिटं याच्या कितीतरी पुढे जातील. ती गेल्यावर आजीसाठी मावशी ठेवल्या, पोळ्यांना बाई लावल्या, तरी घर चालेना, तेव्हा आम्हालाही तिचा हिशोब कळला.

गेल्या महिन्यात निकाल लागला. रक्कम लिहीत नाही. निकालपत्रात आईला गृहिणी म्हटलंय, आणि ती काय काय करायची ते लिहिलंय, जवळजवळ तुमच्याच क्रमाने, पावणेपाचच्या पाण्यापासून. मी ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

तुम्हाला हे वाचायला कोणी देईल का, माहीत नाही. मी येणारच आहे पेढे घेऊन. येताना तुमच्या त्या पानाची झेरॉक्सही आणीन. बाबांनी ती रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवलीय आणि खाली बॉलपेनने एक ओळ वाढवलीय, जी त्या दिवशी सांगायची राहिली: "रात्री सगळे झोपले की उठून गॅस बंद आहे ना बघून यायची."