टीबीची तपासणी दुपारी बारा वाजता कशाला?

संपादक महोदय,

परवाच्या अंकात झोपडपट्ट्यांमध्ये क्षयरोग तपासणी मोहीम सुरू झाल्याची बातमी वाचली, मोहीम चांगलीच आहे पण टाइम कोणी ठरवला? आमच्या जळगावात एमआयडीसीकडच्या वस्तीत टीम आली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, घरात फक्त म्हाताऱ्या आणि लहान पोरं, बाकी सगळे दालमिलला नाहीतर चटईच्या कारखान्यात. खोकणारा माणूस कामावर आणि दारावर मात्र तपासणी झाल्याची खडूची खूण!

माझ्या ओळखीतला एक हमाल दोन महिने मेडिकलवरून खोकल्याची बाटली आणून पीत होता. दहा बाय दहाची पत्र्याची खोली, एकच खिडकी, तीही डासांमुळे गोणपाट लावून बंद, आणि आत सहा माणसं. हवेतून पसरणारा रोग तो, पोरीलाही झालाच. सरकारी औषध फुकट आहे, टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० झाले तेही बरं झालं, पण हे सगळं निदान झाल्यावर ना. दवाखान्यात थुंकी द्यायला गेला की त्याचा रोज बुडतो, म्हणून जातच नाही.

टीमने संध्याकाळी सातनंतर यावं, थुंकीची डबी घरीच द्यावी आणि सकाळी आशाताईंनी गोळा करावी. त्यांना त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतील, तर द्या.

– एक वाचक, जळगाव