मंत्रीमहोदय, माझ्या वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त आहे

माननीय मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार.

आपण कामात असाल, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आपण आमच्या संस्थेत येणार आहात. काल संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन मेसेज आले. एक, आपल्या स्वागताच्या शाल-श्रीफळासाठी प्रत्येकी २०० रुपये वर्गणी. दुसरा, निवडक विद्यार्थ्यांनी पोस्टर लावून आपल्यासमोर उभं राहायचं. निवडकांत मी आहे. आज सकाळी तिसरा मेसेज आला, तक्रार पोर्टलवरून: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' मी घाईघाईने बँकेचं अ‍ॅप उघडलं. शिल्लक १,१४० रुपये. जून २०२५ पासून माझी फेलोशिप आलेली नाही आणि आजही आलेली नव्हती. तक्रार तेवढी निकालात निघाली.

ऑक्टोबरमध्ये आपण आमच्याच सभागृहात होतात. रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर होऊन आठवडाही झाला नव्हता. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी ही तिन्ही नावं आपण कागदावरून बरोबर वाचलीत आणि म्हणालात, "एकाही संशोधकाची फेलोशिप दिवाळीपुढे अडकणार नाही." टाळ्या मीही वाजवल्या. कुठली दिवाळी ते विचारायचं राहून गेलं.

अडलंय काय ते सांगते. दोन वर्षं झाली की ज्युनियर फेलोशिपची सीनियर होते, महिन्याच्या ३७ हजारांचे ४२ हजार होतात. त्यासाठी पोर्टलवर नव्याने माहिती भरायची. माझ्या आधार कार्डावर वडिलांच्या नावात इंग्रजीत एक 'ए' जास्त आहे, पॅनवर नाही. पोर्टलने नाव 'जुळत नाही' म्हटलं आणि अर्ज गोठवला. दुरुस्तीचं बटण आहे, पण ते एकदाच दाबता येतं आणि ते मी आधी, पत्ता बदलताना, दाबलेलं आहे. फोन केला तर म्हणतात ईमेल करा, ईमेल केला तर उत्तर येतं पोर्टलवर तक्रार नोंदवा. नऊ महिने, दरमहा ४२ हजार, म्हणजे ३ लाख ७८ हजार रुपये. घरभाडं भत्ता मी धरलेलाच नाही.

आता माझ्या कामाविषयी, कारण पोस्टरसमोर आपल्याला दीड मिनिटच मिळणार आहे. ज्या पदार्थांना नोबेल मिळालं तेच मी करते. आम्ही त्यांना मॉफ म्हणतो, म्हणजे मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या चौकटी. मांडव डोळ्यांसमोर आणा: धातूचे अणू म्हणजे गाठी, सेंद्रिय रेणू म्हणजे वासे. फरक इतकाच की हा मांडव कुणी घालत नाही. झिर्कोनियमचा क्षार आणि फ्युमॅरिक आम्ल डीएमएफ नावाच्या द्रावकात विरघळवायचं, थोडं फॉर्मिक आम्ल टाकायचं, बाटलीचं झाकण घट्ट लावून ओव्हनमध्ये १२० अंशांवर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तळाशी साखरेसारखे बारीक चमकते कण दिसतात. आत बहुतेक सगळी पोकळीच. याघींच्या १९९९ च्या मॉफ-५ च्या दोनेक ग्रॅम भुकटीत फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. डीएमएफला मात्र सडक्या मासळीचा वास येतो आणि तो ओढणीतून दोन धुण्यांत जात नाही. हे पोस्टरवर लिहायचं नसतं.

ते फॉर्मिक आम्ल कशाला, हा प्रश्न आपण मला विचाराल अशी माझी फार इच्छा आहे. रेणू घाईने जोडले गेले तर स्फटिक होत नाही, नुसता चोथा होतो. फॉर्मिक आम्ल वाशांच्या जागा तात्पुरत्या अडवतं, त्यामुळे जोडणी सावकाश होते. चुकीच्या जागी बसलेला वासा सुटतो, पुन्हा बसतो, पुन्हा सुटतो. बंध तुटून परत जुळू शकतात म्हणूनच ही रचना आपली आपण नीट लागते. चूक सुधारायची मुभा नसेल तर हातात भुकटीच येते, कितीही तापवा. आणि तुमच्या पोर्टलवर दुरुस्तीचं बटण एकदाच दाबता येतं.

असो. तुमच्या भाषणात नव्हत्या अशा दोन गोष्टी सांगते. कितागावांनी सुरुवातीला अनुदानासाठी अर्ज केले, तेव्हा त्यांचे पदार्थ टिकतही नव्हते आणि कशाच्या उपयोगाचेही नव्हते. बरेच अर्ज नाकारले गेले. तरी ते करत राहिले आणि १९९७ मध्ये त्यांची चौकट मिथेन, नायट्रोजन, ऑक्सिजन आत घेऊन परत सोडायला लागली. रॉब्सनना तर कल्पना सुचली १९७४ मध्ये, वर्गात शिकवायला लाकडी गोळ्यांची मॉडेलं हवी होती तेव्हा. विद्यापीठाच्या वर्कशॉपकडून गोळ्यांना भोकं पाडून घेतली आणि लक्षात आलं की भोकांच्या जागाच रेणूचा आकार ठरवतात. त्यांनी ते प्रत्यक्ष करून बघायला दहाएक वर्षं घेतली. आमच्याकडे त्यांना वर्षाच्या शेवटी खर्चाचा दाखला मागितला असता, लाकडी गोळे किती उरले ते लिहा म्हणून.

तिसरे याघी. त्यांच्याविषयी वाचताना मी थांबले. अम्मानमध्ये एका खोलीत वाढले, घरात वीज नाही, नळ नाही. मी औसा तालुक्यातली आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी शाळेत होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोकांनी इंजिनाला हार घातले, टीव्हीवर जलदूत जलदूत चाललं होतं. आमच्या गावाला ते पाणी नव्हतंच, आम्हाला टँकर. मी आणि आई रात्री दोन वाजता घागरींची रांग लावायचो. आमच्या घागरीला ओळखीसाठी लाल दोरी बांधलेली असायची, तरी ती मागे सरकवलेली सापडायची. २०१७ मध्ये याघींच्या गटाने दाखवलं की हवेत २० टक्के आर्द्रता असली तरी मॉफ-८०१ उन्हाच्या उष्णतेवर त्यातून पाणी काढतं, कागदावरच्या हिशोबाने किलोमागे दिवसाला २.८ लिटर. मी हा विषय घेतला तो त्या दोरीमुळे. यातून लातूरची तहान भागणार नाही हे मलाही कळतं, एका घागरीला पाच किलो भुकटी लागेल. पण कुणीतरी बघायला नको का?

गेल्या सप्टेंबरच्या पुरात आमचं निम्मं सोयाबीन गेलं. उरलेलं वडिलांनी चार हजारांच्या आत दिलं. हमीभाव ५,३२८. त्यातले पाच हजार त्यांनी मला पाठवले, पीएचडी करणाऱ्या मुलीला, खोलीभाड्यासाठी. माझ्या सरांनी दोनदा खिशातून दहा-दहा हजार दिले. दुसऱ्यांदा घेताना मी खाली बघत होते. नमुना बाहेरून तपासून घ्यायला अडीच हजार पडतात, ते दोन वेळा मी भरले. अ‍ॅसिटोन आम्ही गाळून, उकळून तिसऱ्यांदा वापरतोय. आणि घरी आत्या विचारते, सरकारी पगार आहे ना गं तुला?

मला वाटायचं हे माझ्यापुरतं आहे. नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरची आयात ड्युटी १० वरून एकदम १५० टक्क्यांवर नेली होती. म्हणजे दहा हजारांच्या बाटलीवर पंधरा हजार कर. कारण काय, तर रसायनाच्या नावाखाली कुणी अल्कोहोल आणतं म्हणे! आठ-दहा दिवसांत मागे घेतली, पण ती लावताना प्रयोगशाळेत काम केलेला एकही माणूस त्या खोलीत नव्हता का? देश संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. कोरिया पाचाच्या आसपास आहे. आमच्या हॉस्टेलवर कुणी ०.६ सांगतं, कुणी ०.७. दुसऱ्या दशांशावर भांडायची चैन आम्हाला परवडत नाही. आता एक लाख कोटींचा निधी जाहीर झालाय, तो खासगी उद्योगांना लांब मुदतीच्या स्वस्त कर्जासाठी. मिळू दे त्यांना. पण उद्या त्या उद्योगांत काम कोण करणार? ज्यांची फेलोशिप नऊ महिने थकली तेच ना? की तेही जर्मनीहून आयात करणार, १० टक्के ड्युटी भरून? माझ्या बॅचमधले दोघे गेलेच. त्यांना निरोप द्यायला आम्ही वर्गणी काढली होती, तीही उधारीवर.

आणि कुणाला दोष द्यायचा हेही कळत नाही. पोर्टल म्हणतं संस्था, संस्था म्हणते बँक, बँक म्हणते आधार. आधार केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "ताई, वडिलांचं नाव बदलायला वडिलांना घेऊन या." वडील लातूरहून आले. सर्व्हर बंद होता. दोघं चहा पिऊन परत गेलो, एसटीचं भाडं त्यांनीच दिलं.

मागण्या विचाराल तर दोनच आहेत. माझे आणि माझ्यासारख्यांचे थकलेले पैसे द्या. आणि ते बटण दुसऱ्यांदा दाबता येऊ द्या.

२०० रुपयांची वर्गणी मी भरलेली नाही. पोस्टर लावणार आहे. छपाईचे ६०० रुपये मैत्रिणीकडून घेतलेत. आपण समोर आलात की मी आधी फॉर्मिक आम्लाविषयी सांगेन, मग वेळ उरला तर पाण्याविषयी. नाव इथे देत नाही, सरांना त्रास नको. पोस्टरवर आहे ते, आधारप्रमाणे, एक 'ए' जास्त असलेलं.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी