सिस्टर, आमचा पाइन अजून उभा आहे

आदरणीय सिस्टर,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितेय.

रोममधल्या आमच्या इमारतीच्या अंगणातला तो छत्रीसारखा जुना पाइन. खालच्या गाड्यांवर चिकट थेंब पडायला लागले, फांद्या काजळल्या, शेंडा विरळ झाला. रहिवाशांच्या बैठकीत तो तोडायचं जवळपास ठरलंच होतं. तुम्ही कॉन्व्हेंटमधून आलात, खाली पडलेली डहाळी उचललीत आणि कोवळ्या फुटीवर कासवाच्या पाठीसारखे बारीक खवले दाखवलेत. "झाड म्हातारं नाही झालं, त्याला कीड शोषतेय." उत्तर अमेरिकेतली ही खवलेकीड आधी नेपल्सच्या बाजूला दिसली आणि 2018 च्या सुमारास रोममध्ये आली. तिच्या गोड चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि सुयांसारख्या पानांना ऊन मिळेनासं होतं.

एवढ्या उंचावर फवारणार कोण? तुम्ही परवाना असलेल्या माणसालाच बोलवायला लावलंत. त्याने बुंध्याला बारीक भोकं पाडून दाबाने अबामेक्टिन हे कीडनाशक सोडलं. पुढे झाडाच्या रसाबरोबर ते वर चढतं. एकदा देऊन भागत नाही, हेही तुम्हीच मालकांच्या गळी उतरवलंत. (इटालियनमध्ये भांडताना तुम्ही भलत्याच रंगात येता!)

त्याच बैठकीत मुळांचीही बाजू घेतलीत. डांबर उचलतात म्हणून काहींना ती छाटायची होती. मुळं तोडलीत तर वाऱ्यात अख्खं झाड आडवं होईल, हे ऐकल्यावर सगळे गप्प.

वसईच्या वाडीत पानवेलीला पाणी घालत वाढलेल्या तुम्ही, माझ्या हातातली झारी मात्र काढून घेतलीत! मुरलेल्या पाइनला इथला कोरडा उन्हाळा सोसतो, मुळाशी साचलेलं पाणी नाही.

तुम्ही दिलेलं पाइनचं रोप खोल कुंडीत छान आहे. चिलगोज्याच्या या भाऊबंदाच्या सुया अजून निळसर आणि एकेकट्याच आहेत. जोडीने यायला काही वर्षं लागतील म्हणालात, म्हणून निवांत आहे. खालच्या फांद्यांना कात्री लावलेली नाही. शंकू धरला तरी पिकायला तीन वर्षं, तेव्हा पिनोलीची, म्हणजे त्यातल्या खायच्या बियांची, घाई तुम्हीही करू नका.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी जेवायलाच या. आईने सुके बोंबील पाठवलेत आणि मला तुमच्यासारखे भाजता येत नाहीत.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण