नाना, काउंटरची जागा आधी ठरवा

शारजा

तीर्थरूप नाना व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दुकानात थंड काउंटर घ्यायचं पक्कं झालं आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत ते बसवायचं, असं दादाने सांगितलं. फार आनंद झाला. बर्फाच्या पेटीत श्रीखंड-पनीर सांभाळता सांभाळता तुमची निम्मी दुपार जाते आणि सखाराम महाराजांच्या यात्रेत, गिऱ्हाईक सगळ्यात जास्त असतं तेव्हाच माल आंबतो. हे आता थांबेल. फोनवर मी सांगायला लागलो की मध्येच गिऱ्हाईक येतं आणि अर्धं राहून जातं, म्हणून लिहून पाठवतो आहे. दादाने एकदा मोठ्याने वाचून दाखवावं आणि इलेक्ट्रिशियन येईल त्या दिवशी कागद हाताशी ठेवावा.

नाना, हे यंत्र थंडी तयार करत नाही. आतल्या मालातली उष्णता ओढून घेतं आणि बाहेर टाकतं. नळीतला गॅस आत उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून आणखी गरम करतो आणि खालच्या जाळीमागे जो कंडेन्सर असतो, तिथे पंखा ती सगळी उष्णता दुकानातल्या हवेत सोडतो. त्यासाठी कंडेन्सरमधला गॅस भोवतालच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी तरी जास्त गरम असावा लागतो. आता अमळनेरचा वैशाख डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४५ अंश, वर पत्रा, शेजारी बासुंदीची कढई. तिथे कॉम्प्रेसर ऊर फुटेपर्यंत पळतो, तापतो, स्वतःच बंद पडतो, थोडा निवला की पुन्हा सुरू होतो. गिऱ्हाइकाला वाटतं मशीन खराब निघालं. मशीन चांगलं असतं, त्याला उष्णता टाकायला जागा दिलेली नसते.

इथेही ऊन आपल्यासारखंच, पण इथल्या स्टोअरमध्ये आत एसीमुळे पंचवीस अंशांच्या आसपासच असतं. मोठ्या स्टोअरचे कॉम्प्रेसर तर दुकानात नसतातच. ते छतावर असतात, तांब्याच्या नळ्यांनी गॅस खाली येतो आणि उष्णता बाहेरच्या बाहेर जाते. आपल्या काउंटरमध्ये सगळं एकाच पेटीत, म्हणून आतली उष्णता तुमच्याच पायाशी येऊन पडणार.

म्हणून पैसे देण्याआधी दादाने काउंटरच्या मागची पाटी बघावी. तिच्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. क्लास ३ म्हणजे भोवती २५ अंश आणि ६० टक्के दमट हवा धरून तपासलेलं मशीन. क्लास ४ ला ३० अंश, ५५ टक्के. क्लास ५ ला ४० अंश, ४० टक्के. आपल्याला क्लास ५ हवं. दुकानदार म्हणेल, सगळी सारखीच असतात. तसं नाही. एसीच्या दुकानासाठी केलेलं क्लास ३ चं काउंटर आपल्याकडे थंडीत उत्तम चालेल आणि नेमकं वैशाखात दगा देईल. क्लास ५ थोडं महाग पडलं तरी तेच घ्या, फरकाचे पैसे मी पाठवतो.

आता जागा. दादा म्हणतो दर्शनी, रस्त्याच्या बाजूला ठेवू, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढे दिसतील. पण आपलं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी तीननंतर ऊन थेट काचेवर येईल आणि काचेतून आत शिरलेलं ऊन मालालाच तापवतं. काउंटर आतल्या भिंतीकडे घ्या, जिथे आत्ता पिठाची पिंपं आहेत तिथे. कढई आणि काउंटर यांच्यात दुकानाची पूर्ण रुंदी राहू द्या. भिंतीपासून किती अंतर सोडायचं हे कंपनीच्या पुस्तकात असतं, तेवढं सोडाच, आणि वीतभरापेक्षा कमी तर कधीच नको. वर भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवा म्हणजे गरम हवा साचणार नाही. हा पंखा मला काउंटरइतकाच गरजेचा वाटतो. आणि खालच्या जाळीसमोर पोतं, खोकी, कॅरेट काही ठेवू नका. आपल्या दुकानात मोकळी जागा दिसली की कुणीतरी तिथे पोतं टेकवतंच, म्हणून जमिनीवर रंगाची रेघ मारून घ्या आणि पोरांना सांगून ठेवा की रेघेच्या आत काही यायचं नाही.

जळगावहून छोट्या हत्तीत आणताना उभंच आणा. आडवं झालं तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत चढतं. आल्यावर गवंड्याची लेव्हल पट्टी लावून सपाट बसवा, नाहीतर आतलं पाणी निचऱ्याकडे जात नाही. मग रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी चालू करा.

विजेचं मात्र मन लावून करा. मीटरपासून वेगळी वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतःचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की आपोआप पडणारं बटण. एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नको. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लावा, म्हणजे करंट गळला की ती लगेच वीज तोडते. तुमचे हात दिवसभर ओले असतात नाना, म्हणून हा आग्रह. दुपारी आपल्याकडे व्होल्टेज उतरतं, तेव्हा स्टॅबिलायझर लागेलच. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तो पेलेल असा घ्या आणि वीज आल्यावर तीन ते पाच मिनिटं थांबून चालू करणारा घ्या. तेवढ्या वेळात नळ्यांमधला दाब सारखा होतो. लगेच चालू केलं तर कॉम्प्रेसरला दाबाविरुद्ध उठावं लागतं, त्यात तो जळतो.

पहिल्या दिवशी रिकामंच चालवा. आतला आकडा खाली येऊन स्थिर झाला की माल भरा, आणि तोही आधीच थंड झालेला. डिस्प्ले काउंटर थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं, गरम माल थंड करण्यासाठी नाही. कढईवरून उतरलेली बासुंदी आत ठेवली तर ती तासन् तास कोमट राहील आणि शेजारचं श्रीखंडही गरम करेल. आधी पातेलं पाण्यात ठेवून निववा, मग घरच्या फ्रिजमध्ये, मग काउंटरमध्ये. दूध, पनीर, श्रीखंड, बासुंदी ५ अंशांच्या आत राहिली पाहिजेत, त्याच्या वर जंतू भराभर वाढतात. काउंटरवर बाहेर दिसणारा आकडा आतल्या हवेचा असतो, मालाचा नाही. एका पेल्यात पाणी भरून त्यात साधा थर्मामीटर बुडवा आणि पेला वरच्या खणात, दाराजवळ ठेवा. त्या पाण्याचा आकडा खरा. सकाळी उघडताना आणि दुपारी तीनला दादाने वहीत लिहावा.

माल ठासून भरू नका. आतली हवा फिरली तरच कोपऱ्यातला डबा थंड होतो. हवा येते त्या फटीसमोर ट्रे लावू नका आणि आत रेघ आखलेली असेल तर तिच्या वर माल नको. गिऱ्हाईक खूप आहे म्हणून मागची सरकती दारं उघडी ठेवायचा मोह होईल, पण दर वेळी लावा. गरम हवा आत शिरली की तिच्यातलं पाणी कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, बर्फ होऊन बसतं आणि हवेची वाट बंद होते. नॉब शेवटापर्यंत फिरवल्याने लवकर गार होत नाही, बर्फ मात्र वाढतो. मधूनच मशीन काही मिनिटं थांबेल आणि आकडा थोडा चढेल, ते बर्फ वितळवणं चालू असतं, घाबरू नका. बर्फ जाड झालाच तर बंद करून दारं उघडा. सुरी मुळीच लावू नका, नळीला भोक पडतं.

वहिनीला सांगा, माहेरून रावेरची केळी आली की ती आत ठेवू नका. १३ अंशांच्या खाली केळीची साल काळी पडते.

वीज गेली तर दारं उघडू नका, काचेवर जाड गोधडी टाका. खालची जाळी मात्र मोकळी ठेवा. वीज आल्यावर पेल्यातलं पाणी बघा. बराच वेळ ५ च्या वर राहिलेलं दूध-पनीर विकू नका. तुम्ही तसंही विकणार नाही, हे मला माहीत आहे. शेजारचे जिभाऊ म्हणतील, वास येत नाही तोवर चालतं. त्यांचं ऐकू नका.

महिन्यातून एकदा प्लग काढून जाळीमागचा कंडेन्सर मऊ ब्रशने, त्याच्या पातळ पत्र्याच्या पात्यांच्या दिशेनेच साफ करा. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत हवेत तंतू उडतात, ते तिथे गोधडीसारखे बसतात. तेव्हा पंधरा दिवसांनी करा.

मेकॅनिक 'गॅस कमी झाला, भरून देतो' म्हणाला तर विचारा, गळती कुठे आहे? गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, ते जोडल्याशिवाय भरलेला गॅसही जाणार. पाटीवर आर २९० लिहिलं असेल तर तो प्रोपेन असतो, म्हणजे पेटणारा. त्याचं काम शिकलेल्या माणसालाच द्या. दुसरा गॅस त्यात घालू देऊ नका आणि दुकानात कढई पेटलेली असताना हात लावू देऊ नका.

आई, तू माझी काळजी करू नकोस. १५ जून ते १५ सप्टेंबर इथे दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा कायदा आहे, छतावर तेव्हा कुणी चढत नाही. जेवण वेळेवर होतं. शेवभाजी आम्ही खोलीत करतो, मसाला तू दिलेलाच.

दादाने पाटीचा स्पष्ट फोटो पाठवावा, क्लास, गॅस आणि करंटचा आकडा दिसेल असा. मी बघून कळवेपर्यंत उरलेले पैसे देऊ नका. फोटोसोबत आतल्या भिंतीची लांबी आणि मीटरपासूनचं अंतरही कळवा, म्हणजे वायर किती जाड लागेल ते लिहून पाठवतो. श्रावणात कानबाईच्या सणाला सुट्टी मिळेल असं साहेबांनी सांगितलं आहे. तेव्हा येईन आणि कंडेन्सरची पहिली मोठी सफाई मीच करीन.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा