आबा, हिरा आता शिट्टीला परत येतो, मनापासून थँक्यू

आबा,

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

हिरा म्हणजे आमचा कारवानी कुत्रा. कारवानी कुत्रं पाळलेल्यांना माहितीय, घरात दिवसभर गप पडून असतं आणि माळावर ससा दिसला की संपलं, मग हाक कानात शिरतच नाही. नाकापेक्षा डोळ्यावर चालणारी जात. त्यात आमच्याकडे कठडा नसलेल्या विहिरी, आणि कारखाना चालू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर. सगळे म्हणायचे बांधूनच ठेवा, या जातीला शिकवता येत नाही. तुम्ही एकटे म्हणालात, "येतं, 2016 ला मेरठला आर्मीच्या सेंटरवर मुधोळची, म्हणजे याच जातीची, पिल्लं आणली तेव्हा मी तिथंच ड्युटीला होतो."

मग तुम्ही बैलाचा जुना कासरा घेऊन आलात आणि तो गळपट्ट्याला नाही, छातीभोवतीच्या पट्ट्याला, हार्नेसला बांधलात, कारण हा वेगात असताना दोरी संपली तर मानेला हिसका बसतो. हाकेऐवजी शिट्टी, कारण आपण घाबरलो की आवाज बदलतो, शिट्टीचा बदलत नाही. आधी अंगणात, मग गच्चीवर, मग रिकाम्या रानात, आणि सशांचा माळ सगळ्यात शेवटी.

तुमचा हात अजून डोळ्यासमोर आहे, कलेजीचा तुकडा गुडघ्याला टेकवून धरायचा, दुसऱ्या हाताची दोन बोटं आधी पट्ट्यात घालायची आणि मगच तुकडा सोडायचा, म्हणजे घास घेऊन पसार होत नाही. आणि लगेच "जा" म्हणून परत मोकळं सोडायचं! हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आला की साखळी, आला की घरी, असंच होत राहिलं तर तो येईल कशाला? बहुतेक वेळा परत खेळायला सोडायचं, आणि आंघोळीला किंवा इंजेक्शनला न्यायचं असेल तर शिट्टी न मारता आपणच जाऊन आणायचं.

आणि शिट्टी कधी मारायची तेही तुम्हीच दाखवलंत. कान उभे, मान ताठ, पुढचा एक पाय उचललेला, तेवढ्यात. एकदा सुटला की फुंकत बसायचं नाही, शिट्टीची किंमत जाते.

परवा ओढ्याच्या अलीकडे ससा उठला, हिऱ्याचा पाय उचलला गेला, मी शिट्टी मारली आणि हा वळला आबा, सरळ माझ्याकडे धावत आला! मी तिथंच बसून रडले आणि कलेजीची अख्खी डबी त्याच्यापुढे रिकामी केली. आईसुद्धा आता त्याला एकटी फिरवून आणते, आधी तिचा जीव नुसता टांगणीला असायचा.

थँक्यू फारच कमी पडतंय. रविवारी आजींना घेऊन जेवायला या. शेळ्यांच्या कळपासमोर अजून कासरा सोडायची माझी हिंमत होत नाही, ते तुम्ही शेजारी उभे असतानाच करू.