रुंदीकरणाआधी वारशाची यादी हवी

संपादक महोदय,

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात रस्ते, पूल आणि घाटांच्या कामांची चर्चा सर्वत्र सुरू आहे. ही कामे व्हायलाच हवीत. मात्र जुन्या नाशकात आणि पंचवटीत जेसीबी पोहोचण्यापूर्वी काय राखायचे हे ठरलेले असावे, आणि त्यासाठी फ्रान्समधील ला शारिते-स्यूर-ल्वार या नदीकाठच्या लहानशा गावाचा इतिहास आपल्याला उपयोगी पडेल असे मला वाटते.

ल्वार नदीच्या उजव्या तीरावरचे हे गाव एका मठाभोवती वाढले. क्लूनीच्या प्रख्यात मठाची ही शाखा १०५९ साली स्थापन झाली, ११०७ मध्ये खुद्द पोप दुसरे पास्कल यांच्या हस्ते तिथल्या चर्चचा पवित्रीकरण विधी झाला, आणि स्पेनमधील सांतियागोकडे पायी निघालेल्या यात्रेकरूंचे ते मुक्कामाचे ठिकाण बनले. १५५९ च्या आगीत चर्चचा मोठा भाग नष्ट झाला. पुढे त्या पडक्या भागातच लोकांनी घरे बांधली, आणि राज्यक्रांतीनंतर मठाच्या इमारती खासगी मालकीत गेल्या. एकोणिसाव्या शतकात तर एक मोठा रस्ता थेट या चर्चमधूनच काढण्याचे घाटत होते. ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी महानिरीक्षक प्रॉस्पर मेरिमे यांनी त्याला विरोध केला आणि १८४० मध्ये चर्चचा समावेश संरक्षित वास्तूंच्या यादीत करून घेतला. रस्ता दुसरीकडून गेला. १९९८ मध्ये याच चर्चला सांतियागोच्या यात्रामार्गांचा भाग म्हणून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

मेरिमे हे सरकारी अधिकारी होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आंदोलनाची वेळ येण्याआधीच शासनातल्याच एका माणसाने आराखडा बदलायला लावला होता.

आपल्याकडे सरकारवाडा आणि सुंदरनारायण मंदिर राज्य संरक्षित आहेत. १७४७ चे नारोशंकर मंदिर आणि वसईच्या विजयाची आठवण सांगणारी त्याची घंटा प्रत्येक नाशिककराला ठाऊक आहे. मंदिरांची आस्था लोकांनाच असल्यामुळे ती टिकतील. वाड्यांचे मात्र तसे नाही. दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, एखादी भिंत कोसळते, आणि मालक व नाममात्र भाड्याने राहणारे भाडेकरू यांच्या वादात दुरुस्ती कोणीच करत नाही. शेवटी वाडा पाडणे हाच सगळ्यांना सोपा मार्ग वाटतो. फ्रान्सने १९६२ च्या कायद्याने एकेकट्या इमारतीऐवजी संपूर्ण जुन्या वस्तीला संरक्षण दिले आणि दुरुस्तीवर खर्च करणाऱ्या मालकांना करात सवलत दिली. वाड्याचा भार ज्याच्या डोक्यावर आहे त्याला काहीही न देता त्याने इतिहास जपावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

तेव्हा महापालिका, पुरातत्त्व विभाग आणि कुंभमेळ्याच्या नियोजनातील अधिकाऱ्यांना विनंती, की गोदाकाठची मंदिरे, पायऱ्या, कुंडे आणि वाडे यांची छायाचित्रांसह नोंद करून ती यादी कामांच्या निविदा निघण्यापूर्वी प्रसिद्ध करावी, तिच्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात, आणि यादीतील वास्तू रस्त्याच्या आखणीत येत असल्यास प्रथम आखणी बदलण्याचा विचार व्हावा. वाड्यांच्या दुरुस्तीसाठी घरपट्टीत सवलत देण्याचा निर्णयही याच वेळी घ्यावा.

– एक नागरिक, पंचवटी, नाशिक