सिगारच्या बॉक्सवरची छपाई बघा, मग पैसे द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

बनावट पनीर, भेसळीचं तूप, डुप्लिकेट औषधं यांच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात आणि त्या यायलाच पाहिजेत, पण एक वस्तू अशी आहे की जिच्यात माणूस फसला तरी घरीसुद्धा बोलत नाही, ती म्हणजे महागडी सिगार. तंबाखूची वस्तू, वर चैनीची, त्यात हजारो रुपये गेलेले, मग तक्रार कुठल्या तोंडाने करायची असं होतं, आणि नेमकं यावरच विकणाऱ्याचं फावतं. मी स्वतः दोन वर्षं गप्प बसलो होतो म्हणून आज लिहितोय.

आधीच सांगतो, तंबाखू वाईटच. माझी नोकरी लोअर परळच्या प्रेसमध्ये गेली, टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर दिवस काढणारी पेशंटची माणसं मी येताजाता वर्षानुवर्षं बघितली आहेत, त्यामुळे कोणी नव्याने सुरू करा असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण ज्यांना कुणाला भेट द्यायची आहे किंवा वर्षातून एखादी ओढायची आहे त्यांनी निदान लुटलं जाऊ नये एवढंच म्हणणं आहे.

माझा मोठा भाऊ मर्चंट नेव्हीत होता. जहाजावर असताना एका कॅप्टनने त्याला खरी क्युबन सिगार दिली होती, तेव्हापासून त्याचा नेम, वर्षाला दोन, एक वाढदिवसाला आणि एक 31 डिसेंबरला, बस. दादाच्या साठीला काहीतरी मोठं द्यावं म्हणून मी दक्षिण मुंबईतल्या एका दुकानातून कोहिबाचा, म्हणजे क्युबातल्या महागड्या सिगारच्या ब्रँडचा, 25 चा बॉक्स घेतला, 22 हजार दिले, वरती काचेचं झाकण, आत सगळ्या ओळीत झोपवलेल्या, दिसायला इतका भारी की मला वाटलं वा काय गिफ्ट आहे. दुकानदार म्हणाला ड्युटी फ्रीचा माल आहे साहेब, म्हणून स्वस्त, बिल मिळणार नाही. मी मान डोलावली. दादाने रात्री गच्चीवर एक पेटवली, दोन-तीन झुरके घेतले आणि बाजूला ठेवली, म्हणाला छान आहे रे. आठवड्याने वहिनीकडून कळलं की त्या रात्री तो घसा धरून बसला होता आणि मला वाईट वाटू नये म्हणून काही बोलला नाही. म्हणजे बघा, फसवणारा मोकळा, आणि आम्ही दोघं भाऊ एकमेकांपासून लपवतोय.

मग मी तो बॉक्स परत आणला आणि प्रेसमधला लूप, म्हणजे छपाई तपासायचं भिंग, लावून बघितला. तीस वर्षं छपाईत काढलेल्या माणसाने हे आधीच करायला हवं होतं. सिगारच्या कमरेला जो कागदी पट्टा असतो, बँड म्हणतात त्याला, खऱ्यावर सोनेरी भाग चकचकीत आणि एम्बॉस केलेला असतो, बोटाच्या पेराने चाचपला तरी उठाव लागतो. माझ्याकडच्या बँडवर लूपखाली सोनं नव्हतंच, पिवळे, लाल, काळे असे साधे ठिपके होते, म्हणजे सरळ फोर कलरमध्ये, साध्या रंगीत छपाईत, मारलेला माल. कोहिबाच्या बँडवर काळ्या भागात पांढऱ्या छोट्या चौकोनांच्या ओळी असतात, त्या खऱ्यावर एकसारख्या आणि स्वच्छ असतात. इथे रजिस्ट्रेशन हललेलं, म्हणजे रंग एकमेकांवर नीट न बसलेले, कडेचे चौकोन अर्धे कापलेले, आणि पाच बँड शेजारी शेजारी ठेवले तर पाचही वेगळ्या जागी कापलेले. डाय कटिंगमध्ये, म्हणजे साच्याने कागद कापण्यात, इतका फरक कुठलीही बरी प्रेस पास करणार नाही, मग एवढी महागडी कंपनी कशी करेल?

नंतर एक सिगार ब्लेडने उभी चिरली. चांगल्या हाताने वळलेल्या सिगारमध्ये आतली पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब असतात, बाहेरून एक गुळगुळीत पान, त्याच्या आत सगळं धरून ठेवणारं दुसरं आणि मधे भरलेली तीन-चार लांब पानं. माझ्या सिगारमधून चहाच्या जाड पावडरीसारखा चुरा सांडला, त्यात पानाच्या शिरांच्या काड्या आणि एक सुतळीचा धागासुद्धा निघाला. दादाने तो धूर घेतला होता. हे बघून मला जो राग आला तो पैशांचा नव्हता.

नंतर शिकत गेलो ते लिहितो, कारण पहिल्यांदा घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. सगळ्यात पहिली गोष्ट, खरी कोहिबा काचेच्या झाकणाच्या बॉक्समध्ये येतच नाही. काच दिसली की उठून चालायला लागायचं, पुढे काही बघायची गरज नाही. दुसरं, क्युबन बॉक्सच्या डाव्या कडेला हिरवं-पांढरं सरकारी सील असतं, नोटेसारखं बारीक छपाईचं, अशी सीलं 1912 पासून लावतात, आणि आताच्या सीलवर होलोग्राम आणि बारकोड असतो. तो नंबर क्युबन सिगार जगभर विकणाऱ्या हाबानोस या कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तपासता येतो. पण एक लक्षात ठेवा, खऱ्या बॉक्सचा नंबर कॉपी करून शंभर खोट्या बॉक्सवर छापणं अवघड नाही, म्हणून नंबर जुळला म्हणजे सगळं झालं असं नाही, नंबर नाही जुळला तर मात्र घेऊच नका. तिसरं, बॉक्स उलटा करा. तळाला क्युबामध्ये बनवलेली, पूर्ण हाताने, अशा अर्थाचा स्पॅनिश मजकूर लाकडात डागलेला असतो आणि शेजारी फॅक्टरीचा कोड आणि पॅकिंगचा महिना-वर्ष शाईच्या शिक्क्याने. महिना स्पॅनिशमध्येच असतो, म्हणजे एप्रिलला ए-बी-आर, जानेवारीला ई-एन-ई, ऑगस्टला ए-जी-ओ. माझ्या बॉक्सवर चक्क इंग्रजी ए-पी-आर होतं! हे मी दुकानात उभा असतानाच वाचू शकलो असतो, बॉक्स नुसता उलटा करायचा होता.

आणि आत बघताना एक सोपी खूण, खऱ्या बॉक्समध्ये सिगार रंगाप्रमाणे लावलेल्या असतात, एका बाजूला गडद आणि हळूहळू फिकट होत जातात, सगळ्यांचे बँड एका रेषेत, लांबी एकसारखी. माझ्यात एक चॉकलेटी, शेजारची विटकरी, असं काहीही. किमतीचं तर काय सांगू, 2022 मध्ये कोहिबाच्या किमती जगभर वाढवून एका पातळीवर आणल्या, त्यानंतर कोणी मोठ्या कोहिबाचा अख्खा बॉक्स 20-22 हजारात देतो म्हणाला तर तो खोटं बोलतोय, दुसरा अर्थ नाही. डॉमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा इथल्या चांगल्या सिगार त्याहून कमी पैशात मिळतात आणि त्या खऱ्या असतात, क्युबनच पाहिजे हा हट्ट सोडला तर निम्मी फसवणूक तिथेच टळते.

आता आपल्या इथला मुद्दा. भारतात कायदेशीर आयात झालेल्या पॅकवर 85 टक्के जागेत चित्रासकट आरोग्याचा इशारा पाहिजे, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता पाहिजे, एमआरपी पाहिजे. ड्युटी फ्रीचा माल आहे म्हणून स्टिकर नाही, हे वाक्य ऐकलं की कान टवकारा, कारण परदेशातून येणाऱ्या माणसाला फक्त 25 सिगार सोबत आणायची सूट आहे आणि ती त्याच्या स्वतःसाठी, दुकानात मांडून विकायला नाही. बिल नाही तर घेऊ नका. मी पुन्हा दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या पोराने पहिला प्रश्न हाच विचारला, बिल कुठाय काका? माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी खाली मान घालून परत आलो.

गोष्ट इथे संपली नाही, दुसरी चूक मात्र माझी स्वतःची. मागच्या वर्षी पुतण्याने दुबईहून अस्सल सिगार आणल्या, 10 चा बॉक्स, सगळं तपासून घेतलं. मी हुरळून जाऊन तो स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात ठेवला, अंधार असतो आणि उंचावर म्हणून. शेजारी बायकोचा उन्हाळ्यात केलेला मालवणी मसाला. जूनच्या सुरुवातीला बॉक्स उघडला तर दोन सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि खाली तपकिरी पीठ. मसाल्याला, हळदीला जो बारीक तपकिरी किडा लागतो ना, तोच तंबाखूलाही लागतो, त्याचं इंग्रजी नावच सिगारेट बीटल आहे. अंडी बऱ्याचदा पानातूनच आलेली असतात आणि गरमी 24-25 डिग्रीच्या वर गेली की फुटायला लागतात, मुंबईत मे महिन्यात घराचं काय असतं ते वेगळं सांगायला नको. उरलेल्या आठातल्या तीनवर जुलैमध्ये पांढरी-हिरवी मऊ बुरशी आली. ही चांगल्या सिगारवर येणारी फुलोऱ्यासारखी झाक आहे असं एकाने सांगितलं, पण पुसल्यावर डाग राहणारी, केसाळ, हिरवट गोष्ट ही बुरशीच, ती ओढायची नसते, फेकायची.

इथे मला कळकळीने सांगायचंय की सिगार ठेवायचे बहुतेक सल्ले थंड, कोरड्या देशांसाठी लिहिलेले असतात. तिकडे हवेत ओल घालायची असते, आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल बाहेर ठेवायची असते. सिगारला 65 ते 70 टक्के दमटपणा लागतो, आपल्या पावसाळ्यात हवेत 85-90 असतो आणि एसी लावून ठेवलेल्या खोलीत तो 50 च्या आसपास येतो, म्हणजे एकाच घरात एका खोलीत सिगार फुगते आणि दुसऱ्या खोलीत तडकते. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका, तिथली हवा कोरडी आणि वर सुक्या मासळीचा, लसणाचा वास पान लगेच ओढून घेतं. लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची खास पेटी, दिसायला सुंदर, आतून स्पॅनिश सीडरचा (नाव सीडर असलं तरी हे झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं), पण स्वस्तातला घेतला तर पावसात लाकूड फुगतं आणि झाकण बसत नाही. नवीन माणसाने त्याच्या नादी लागू नये.

आपल्या आयांनी लोणचं-पापड पावसाआधी कसं भरून ठेवलं? घट्ट बरणीत. तसंच करायचं. रबरी रिंगचं घट्ट झाकण असलेला खाण्याचा डबा, नवीन, वास नसलेला. त्यात 65 टक्क्यांचं दमटपणा धरून ठेवणारं पाकीट, हे दोन्ही बाजूंनी काम करतं, ओल कमी झाली तर सोडतं आणि जास्त झाली तर शोषतं. बाहेरच्या देशात 69 चं वापरतात पण आपल्या गरमीत 65 बरं. सोबत एक छोटा डिजिटल मीटर, पण तो आधी तपासून घ्या, बाटलीच्या बुचात मीठ, त्यात थेंबभर पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, मीटरसोबत घट्ट पिशवीत एक दिवस ठेवायचं, 75 दाखवला पाहिजे. माझा 81 दाखवत होता, म्हणजे मी त्याच्यावर विश्वास ठेवून सगळ्या सुकवून टाकल्या असत्या.

किड्यासाठी उपाय सोपा आहे, नवीन आणलेल्या सिगार दोन पिशव्यांत घट्ट बांधून एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. हे फक्त एकदा, कायम ठेवायला नाही. एकदम गरमीतून थंडीत आणि उलट केलं तर वरचं पान फाटतं, म्हणून आधीचा आणि नंतरचा फ्रिजचा दिवस गाळू नका. डबा खिडकीपासून, ओट्यापासून, फ्रिजच्या मागच्या गरम बाजूपासून लांब, घरातल्या सगळ्यात गार कपाटात खालच्या खणात. आणि थोड्याच घ्या. मुंबईच्या घरात वर्षानुवर्षं पन्नास सिगार साठवायचा विचार करू नका, वाईन कूलर घेऊन ठेवणारे आहेत पण तो सुरुवातीच्या माणसाचा खर्च नाही.

आता विनंती. आपण ग्राहकांच्या तक्रारींसाठी जी जागा देता त्यात या मालाबद्दलही छापा, जाहिरात म्हणून नाही, सावध करायला. आणि जे फसलेत त्यांनी लाज बाजूला ठेवून ग्राहक हेल्पलाइन 1915 ला फोन करावा. वस्तू तंबाखूची आहे म्हणून फसवणूक माफ होत नाही. मी बिल नसतानाही, बॉक्सचे, बँडचे आणि त्या ए-पी-आर शिक्क्याचे फोटो जोडून तक्रार दिली आहे, दोन वर्षं उशिरा. दादाला परवा ते फोटो दाखवले तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, अरे मला त्या रात्रीच कळलं होतं.

आपला,
एक वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई